६६ ग्रॅम की ६० ग्रॅम: एका पर्वती स्नोमोबीलच्या क्लच किटचं प्रकरण

डिसेंबरच्या शेवटी मित्राचा फोन आला, तेव्हा तो अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या युइंटा पर्वतातून नुकताच खाली आला होता. पहिलंच वाक्य: "अरे, गाडीला पिकअपच नाही. चढ दिसला की रडते." पुढचं वाक्य त्याहून महत्त्वाचं होतं: "एक क्लच किट बघून ठेवलंय. पाचशे डॉलर. मागवू का?"

मी थांब म्हटलं. पुढचे तीन महिने आम्ही त्या गाडीच्या मागे होतो. काय केलं, काय मोजलं, कुठे चुकलो आणि शेवटी काय विकत घेतलं, ते इथे क्रमाने लिहितो. असा प्रश्न माझ्याकडे दर हिवाळ्यात कोणी ना कोणी घेऊन येतं आणि दरवेळी किटचं नाव आधी निघतं, आकडा नंतर.

गाडी पोलारिसची, ८०० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, आरएमके मॉडेल, १५५ इंच लांबीचा ट्रॅक (खालचा फिरता पट्टा). म्हणजे खास खोल बर्फासाठी आणि डोंगरासाठी बनवलेली. पण मित्राने ती घेतली होती मिनेसोटात, सेकंडहँड, तिकडे नोकरीला असताना. मिनेसोटाचा बहुतेक भाग समुद्रसपाटीपासून ३००-४०० मीटरवर. आधीचा मालक ती गोठलेल्या तळ्यांवर आणि सपाट ट्रेलवर पळवायचा. तिथे ती सुसाट होती, मित्राने स्वतः चालवून घेतली होती. मग त्याची बदली सॉल्ट लेक सिटीला झाली, गाडी ट्रेलरवर चढून आली आणि थेट मिरर लेक हायवेवर उतरली. कामास गावातून निघणारा हा रस्ता हिवाळ्यात वरच्या बाजूला गाड्यांना बंद होतो आणि पुढे स्नोमोबीलचा ट्रेल होतो. वर बाल्ड माउंटन पास ३,२०० मीटरच्याही वर आहे.

३,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांश असते. टर्बो नसलेलं इंजिन जेवढी हवा ओढतं तेवढीच ताकद देतं, म्हणजे ताकदीतला चौथा हिस्सा डोंगराने आधीच काढून घेतलेला. इंजिनात बिघाड काहीच नव्हता. क्लच मात्र अजून मिनेसोटाच्या हिशोबाने चालला होता.

स्कूटरवरून समजून घेऊ

महाराष्ट्रातल्या कुणी गुलमर्गला बर्फावर दहा मिनिटांची फेरी मारली असेल, तर स्नोमोबीलची ओळख तेवढीच. पण तिचा क्लच आपल्याला परका नाही. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये व्हेरिएटर, बेल्ट आणि मागची पुली असते, तेच तत्त्व. कायनेटिक होंडाच्या काळापासून आपले मेकॅनिक व्हेरिएटरमधले रोलर बदलत आलेत. सिंहगडावर डबलसीट चढताना स्कूटर कधी आवाज करून जोर लावते, कधी दबून जाते, त्यात रोलरच्या वजनाचा मोठा हात असतो.

स्नोमोबीलमध्ये रोलरच्या जागी तीन वजनं असतात, वाकड्या बोटासारखी. इंजिनच्या शाफ्टवर बसलेल्या प्रायमरी क्लचमध्ये ती फिरतात, बाहेर फेकली जातात आणि पुलीच्या दोन तबकड्या एकमेकींकडे ढकलतात. बेल्ट त्या तबकड्यांमध्ये चिमटला जाऊन वर सरकतो आणि रेशो बदलतो, म्हणजे आपोआप गिअर बदलावा तसं. वजनांना विरोध करते ती प्रायमरी स्प्रिंग. स्प्रिंगवर १२०/३४० असं काही लिहिलेलं असतं: पहिला आकडा क्लच बेल्ट पकडायला लागतो तेव्हाचा स्प्रिंगचा जोर, दुसरा पूर्ण दाबल्यावरचा, दोन्ही पौंडांत. पहिल्यावर गाडी किती आरपीएमला हलायला लागणार ते बरंचसं ठरतं, दुसऱ्याचा परिणाम वरच्या वेगात दिसतो.

मागे सेकंडरी क्लच. त्यातला हेलिक्स म्हणजे तिरका कापलेला धातूचा भाग. ट्रॅकवर भार आला की तो पुली पिळून बंद करतो, बेल्ट घट्ट धरतो. कोन मोठा असेल तर पुली पटकन उघडते आणि गाडी भराभर वरच्या रेशोला जाते. कोन लहान असेल तर पुली बेल्ट सहजासहजी सोडत नाही, आणि भार वाढला की लगेच खालच्या रेशोला परत येते. या परत येण्याला तिकडचे लोक बॅकशिफ्ट म्हणतात. डोंगरात झाडांमधून वाट काढताना जीव या बॅकशिफ्टवर अवलंबून असतो, हे मी अगदी शब्दशः म्हणतोय. अर्ध्या चढावर, डाव्या हाताला दरी असताना, अंगठा (स्नोमोबीलचा थ्रॉटल अंगठ्याने दाबायचा असतो) सोडून पुन्हा दाबल्यावर गाडीने एक क्षण जरी विचार केला तरी ट्रॅक खड्डा खणतो आणि गाडी अडकते.

हा सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी. अंगठा पूर्ण दाबल्यावर इंजिन त्याच्या सर्वाधिक ताकदीच्या आरपीएमवर पोचावं आणि तिथेच टिकावं. या इंजिनसाठी तो आकडा ८,२५०. टू-स्ट्रोकच्या एक्झॉस्ट पाइपची रचना ठरावीक आरपीएमच्या अरुंद पट्ट्यासाठी केलेली असते. पट्ट्याच्या खाली गेलात की ताकद हळूहळू उतरत नाही, पायरी चुकल्यासारखी घसरते.

"किती आरपीएम दाखवत होती?"

मित्राला मी हा प्रश्न विचारला तेव्हा त्याला उत्तर देता आलं नाही. पाचशे डॉलरचं किट निवडून झालं होतं आणि टॅकोमीटर, म्हणजे आरपीएमचा काटा, एकदाही बघितला नव्हता. त्याला दोष देत नाही. ढोपरभर भुसभुशीत बर्फात समोर बघायचं की काट्याकडे?

पुढच्या शनिवारी दोघं गेलो. सुमारे ३,००० मीटरवर रस्त्यालगतचं एक सपाट, मोकळं कुरण निवडलं. वर लटकणारा उतार नाही, मागेपुढे झाडं नाहीत. चाचणीसाठी उभा चढ निवडण्याचा मोह होतो, तो टाळावा. त्या दिवसाचा युटा अॅव्हलांच सेंटरचा हिमस्खलनाचा अंदाज वाचूनच निघालो होतो, आणि बर्फाखाली गाडलेल्याला शोधून काढायचं सामान, म्हणजे बीकन, फावडं आणि प्रोब, दोघांकडेही होतं. आणखी एक सांगतो. हाय युइंटाज वाइल्डरनेसच्या हद्दीत मोटारीला बंदी आहे, तेव्हा जागा निवडताना नकाशा जवळ हवा.

आधी पंधरा मिनिटं गाडी चालवून पाइप गरम केला. पाइप गार असताना घेतलेला आकडा खोटा असतो, दोन-दोनशे आरपीएम कमी दाखवतो, आणि त्या आकड्यावर वजनं बदलली की पुढचं सगळं गणित बिघडतं. मग एकाच पट्ट्यात, ताज्या बर्फात, अंगठा पूर्ण दाबून तीन फेऱ्या. सरासरी ७,५५०. हवेत ८,२५०. सातशेचा खड्डा.

क्लच उघडल्यावर ६६ ग्रॅमची वजनं निघाली. सपाटीला ठीक, या उंचीला फार जड. पातळ हवेतलं अशक्त इंजिन त्यांना फिरवता फिरवता दमत होतं, आणि वजनं बेल्ट वर ढकलतच राहत होती. चढावर तिसऱ्या गिअरमधून मोटरसायकल चालवावी तसा प्रकार.

किटने बरा न होणारा आजार

वजनं बघताना दुसरीही एक गोष्ट दिसली, आणि माझ्या मते या प्रकरणातली ही सर्वांत दुर्लक्षित बाजू आहे. प्रायमरीच्या झाकणातला बुश ढिला झाला होता, झाकण हाताने हलत होतं. इथेही छोटे रोलर असतात, वजनं त्यांच्यावरून सरकतात; तीनपैकी एका रोलरला सपाट डाग पडला होता. बेल्टच्या कडा काचेसारख्या चकाकत होत्या आणि रुंदी घटली होती. सेकंडरीच्या तबकड्यांवर जळक्या रबराचा काळा थर.

अशा क्लचमध्ये जगातलं सर्वांत महागडं किट टाकलं तरी ते आज एक वागणार आणि उद्या दुसरं. सपाट पडलेल्या रोलरवरून वजन सरकत नाही, अडकतं आणि झटक्याने सुटतं. हे मला माझ्याच अनुभवातून माहीत आहे. काही वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याच्या शब्दावर पूर्ण किट बसवलं, दोन आठवडे स्प्रिंगा बदलत बसलो आणि शेवटी कळलं की दोष बुशचा होता. विक्रेत्याने मला एकदाही विचारलं नव्हतं की क्लच किती मैल चाललाय. मीही सांगितलं नव्हतं.

बुश, रोलर आणि नवा बेल्ट बसवला. तबकड्या बारीक घासणीने पुसून कोरड्या केल्या. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, बेल्टला ढील किती, हे मॅन्युअलप्रमाणे तपासलं. पुन्हा त्याच कुरणात: ७,६५०. शंभरच वाढले, पण आता तिन्ही फेऱ्यांचे आकडे एकमेकांशी जुळत होते. आधी त्यांच्यात दीडशेचा फरक पडत होता. आकड्यावर विश्वास बसला, हीच त्या दुरुस्तीची कमाई.

कुठलं किट?

आता समोर तीन वाटा होत्या.

पहिली, सर्वांत स्वस्त: कंपनीचीच हलकी वजनं. पोलारिसच्या तक्त्यात उंचीच्या ६००-६०० मीटरच्या पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीला वजन साधारण दोन ग्रॅमने उतरतं. दुसरी: मित्राने निवडलेलं तयार किट, २,४०० ते ३,००० मीटरसाठी, त्यात ठरावीक वजनं, दोन स्प्रिंगा आणि हेलिक्स. तिसरी: ग्रॅम कमीजास्त करता येणारी वजनं वेगळी आणि हेलिक्स वेगळा. पोकळ्या ठेवलेल्या वजनात छोटे स्क्रू भरून भार वाढवता येतो. आयडाहो फॉल्सची स्टार्टिंग लाइन प्रॉडक्ट्स आणि डाल्टन यांसारखे निर्माते या बाजारात वर्षानुवर्षं आहेत.

मी आधी पहिल्या वाटेचा आग्रह धरला. निव्वळ पैसे वाचवण्यासाठी नव्हे. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर कुठल्या बदलाने काय झालं ते कळतं. तयार किटमध्ये चार गोष्टी एकदम बदलतात. गाडी सुधारली तर आनंद, नाही सुधारली तर चारपैकी कुणाला धरायचं?

रायडर लोकांचा ठोकताळा असा की प्रत्येक वजनात एक ग्रॅम कमी केला की सुमारे शंभर आरपीएम वाढतात. कागदावर मांडलं तर इतके निघत नाहीत. वजनाचा जोर वस्तुमानाला आणि आरपीएमच्या वर्गाला गुणून येतो, त्या हिशोबाने ६६ चे ६० केले तर ग्रॅमला साठ-पासष्टच मिळायला हवेत. मला हा फरक बरेच दिवस छळत होता. उत्तर सेकंडरीत आणि पाइपमध्ये आहे. आरपीएम चढला की इंजिन पाइपच्या पट्ट्याजवळ येतं, टॉर्क वाढतो, वाढलेल्या टॉर्कने हेलिक्स मागची पुली अधिक आवळतो, आणि ती आवळली की पुढच्या वजनांना मागे रेटते. म्हणून आरपीएम आणखी चढतो. गणित एका पुलीचं मांडलं होतं, गाडीत दोन आहेत.

६० ग्रॅमची वजनं घातली: ८,१००. ५८: ८,२५०, अगदी हवा तो आकडा. मित्र तिथल्या तिथे बर्फात नाचला आणि पाचशे डॉलर वाचले म्हणाला.

मग आम्ही चढाला लागलो.

लांब, मध्यम उताराच्या चढावर काटा ७,९०० वर आला आणि तिथेच राहिला. झाडांमधून जाताना अंगठा सोडून पुन्हा दाबला की गाडी क्षणभर घुटमळायची आणि मग उठायची. दहा मिनिटांच्या चढानंतर इन्फ्रारेड थर्मामीटरने सेकंडरीची तबकडी मोजली, १०५ अंश सेल्सियस. हात ठेवणं अशक्य. बेल्ट घसरत होता, आणि इंजिनची मुश्किलीने मिळवलेली ताकद उष्णता होऊन हवेत जात होती.

सेकंडरी उघडली तेव्हा तळ्यावरच्या गाडीचा सगळा इतिहास बाहेर आला. हेलिक्सवर सुरुवातीचा कोन ६० अंश, शेवटचा ४२. गोठलेल्या तळ्यावर जोरात सुटायला हा उत्तम: सुरुवातीलाच पुली भराभर उघडायची. तिथे भार कमी, पृष्ठभाग कडक, मागे यायची गरजच नाही. खोल बर्फात नेमकं उलटं. १५५ इंचाच्या ट्रॅकवर भार सतत बदलतो, आणि ६० अंशांचा हेलिक्स बेल्ट पुरेसा धरतच नाही. ही गोष्ट पुढच्या वजनांनी दुरुस्त होणारी नव्हती. वजनं आणखी हलकी करून काटा वर ढकलता आला असता, पण वजन हलकं म्हणजे पुढची पकडही हलकी, आणि बेल्ट अजून घसरला असता.

इथे मी माझा पहिला आग्रह सोडला. बाहेरचे भाग घ्यायचे, पण कुठले ते आता आम्हाला ठाऊक होतं. एका किट बनवणाऱ्याला सविस्तर लिहिलं: उंची, ट्रॅकची लांबी, मित्राचं वजन ९२ किलो आणि पाठीवरची बॅग, सायलेन्सर बदललेला आहे, सध्याचा हेलिक्स, सध्याची वजनं, सपाटीचा आरपीएम, चढावरचा आरपीएम, तबकडीचं तापमान. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. पूर्ण किट घेऊ नका, हेलिक्स ५० ते ४० चा घ्या, त्याला जुळणारी सेकंडरी स्प्रिंग घ्या. एवढंच. ज्या माणसाने स्वतःचं महागडं किट विकण्याऐवजी आकडे वाचले, त्याच्याकडून आम्ही डोळे मिटून घेतलं.

सोबत जुळवता येणारी वजनंही घेतली, त्याचं कारण पुढे येतं.

पुन्हा त्याच कुरणात

नवा हेलिक्स, नवी स्प्रिंग, वजनं ५८ वर: ८,४५०. दोनशे जास्त. हेच हवं होतं. मागची पुली आता घट्ट धरत असल्यामुळे पुढे वजन वाढवायला जागा मिळाली. ६० ग्रॅम केले आणि काटा ८,२५० वर आला. तोच आरपीएम, पण प्रत्येक वजनात दोन ग्रॅम जास्त, म्हणजे बेल्टवर पकड जास्त. माझ्या मते चांगल्या जुळवणीची खूण हीच आहे. हव्या त्या आरपीएमला इंजिन पेलू शकेल तेवढं जास्तीत जास्त वजन.

त्याच लांब चढावर काटा ८,२०० च्या खाली गेला नाही. अंगठा सोडून दाबला की गाडी लगेच उचलायची. तबकडी ७० अंश.

तिन्ही वजनं एकसारखी असणं फार महत्त्वाचं आहे. एकात एक स्क्रू कमी पडला तर क्लच थरथरतो आणि बुश खातो. आम्ही दागिने तोलायच्या छोट्या डिजिटल काट्यावर दशांश ग्रॅमपर्यंत मोजून घेतली. स्क्रू कुठल्या पोकळीत घालतो हेही बघावं लागतं. टोकाकडे भरलेला भार वरच्या वेगात जास्त जाणवतो, खिळीजवळ भरलेला सुरुवातीला. आम्ही वाढवलेले दोन ग्रॅम टोकाकडे ठेवले.

मार्चमध्ये मित्र आयडाहोमधल्या आयलंड पार्कला गेला, यलोस्टोनच्या पश्चिमेला. तिथलं गाव १,९०० मीटरच्या आसपास. त्याने फोन केला: "८,५५० दाखवतेय, उतरू का खाली?" हवा दाट झाली, इंजिन तगडं झालं, आणि डोंगरासाठी हलकी केलेली वजनं त्याला रोखू शकत नव्हती. टू-स्ट्रोकला मर्यादेच्या वर तासन्तास पळवणं धोक्याचं. तयार किटची ठरावीक वजनं असती तर त्याला तिथे अर्धा अंगठा दाबूनच फिरावं लागलं असतं. त्याने पार्किंगमध्ये, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, झाकण उघडून चार-चार ग्रॅम वाढवले. ६४ वर ८,२५०. बर्फात पडलेला एक स्क्रू शोधायला अर्धा तास गेला, तेव्हापासून तो खाली कापड पसरून बसतो.

एकूण खर्च बुश, रोलर, बेल्ट धरून मूळ किटच्या आसपासच आला, थोडा जास्तच. पण त्यातला मोठा वाटा दुरुस्तीचा होता, आणि ती काहीही केलं तरी करावीच लागली असती. जुना बेल्ट आता सीटखाली असतो, घरापर्यंत पोचवण्यापुरता.

एक गोष्ट अजून जुळलेली नाही. गाडी हलायला लागते ४,३०० आरपीएमला, आणि दाट झाडीत हळू चालताना ती थोड्या झटक्याने पकडते. वजनं हलकी झाली, पण प्रायमरी स्प्रिंग तीच राहिली, त्यामुळे हे होणारच होतं. सुरुवातीचा जोर वीस पौंडांनी कमी आणि शेवटचा तेवढाच असलेली स्प्रिंग मागवली आहे. या वर्षी बर्फ पडला की आधी कुरणात तीन फेऱ्या, मग स्प्रिंग, मग पुन्हा तीन फेऱ्या.